शेडमागचा ढीग कुणी मोजायचा?

मार्चअखेरचे ताळेबंद तयार होऊ लागले की या सदराकडे पत्रांचा ओघ वाढतो. यंदा आलेल्या पत्रांतली बरीचशी एकाच गोष्टीबद्दल आहेत: तोटा दिसू लागल्यावर तो वहीत लगेच लिहायचा की वाट बघायची, आणि हे ठरवणारी माणसं कोण. त्यातली चार पत्रं घेतली आहेत. नावं काढली आहेत, मजकूर थोडा आखडला आहे.

प्रश्न : ताई, बेळगावच्या उद्यमबागेत आमच्या घरची फौंड्री आहे. आजोबांनी चालू केली, आता चार घरांत भाग वाटलेत. प्रायव्हेट लिमिटेड आहे. मी पुण्यात नोकरी करतो, खरं माझ्या नावावर अकरा टक्के भाग आहेत. शेडमागं साधारण तीस टन कास्टिंग, म्हणजे ओतीव लोखंडी माल, पडून आहे, दोन-तीन वर्षांचं. वहीत ते ४१ लाखांना धरलंय. यंदा ऑडिटर म्हणतात ९ लाख धरा. शिवाय कोल्हापूरच्या एका गिऱ्हाइकाकडं तीन वर्षं अडकलेले १६ लाख संशयित धरा म्हणतात. चेअरमन काकांचं म्हणणं, "माल डोळ्यासमोर आहे, गिऱ्हाईक जिवंत आहे, मग तोटा कसला की? ऑडिटर भित्रा आहे." बोर्डावर पाच जण, पाचही घरचे. बाहेरचा कुणी घेतला तर फरक पडेल काय?
— एक भागधारक, मूळ अनगोळ

उत्तर : तुमच्या ऑडिटरनं केलेला हिशेब मी उलटा मांडून बघितला. तीस टनांचे ९ लाख म्हणजे किलोला ३० रुपये. त्यांनी भंगाराचा भाव धरलाय. तेव्हा भांडण सावधगिरीचं कमी आणि मालाचं जास्त आहे: त्या ढिगातलं एखादं तरी कास्टिंग आज कुणी कास्टिंग म्हणून विकत घेईल का? घेणार असेल तर त्याची ऑर्डर दाखवावी, ऑडिटर तेवढा माल वेगळा काढतील. दाखवता येत नसेल तर ऑडिटर बरोबर आहेत. नियम जुना आणि साधा आहे. माल मूळ खर्चाला किंवा विकून हाती येणाऱ्या किमतीला धरायचा, दोन्हींत जी कमी असेल तिला. तीन वर्षांनी त्या मालाचं गिऱ्हाईक डिझाइन बदलून मोकळं झालेलं असतं.

हे मी एवढ्या ठामपणे लिहिते, कारण मी एकदा चुकले आहे. सीएची प्रॅक्टिस सुरू करून चार वर्षं झाली होती. याच भागातल्या एका कारखान्याच्या शेडमागं असाच ढीग होता, वर गवत वाढलेलं. मालकांनी मला चहा पाजला आणि म्हणाले, "माल आहे की ओ समोर, मोजून घ्या." मी मोजला. वजन बरोबर भरलं. सही केली. वजन मोजलं, पण तो माल कोण घेणार हे मी विचारलं नाही. दोन वर्षांनी बँकेनं कारखाना ताब्यात घेतला तेव्हा तो ढीग भंगारवाल्यानं उचलला आणि जे आलं त्यातून कामगारांची थकलेली देणीसुद्धा भागली नाहीत. गेटवर उभ्या असलेल्यांतले दोघं आमच्या गल्लीतले होते. मी वेळेवर तोटा लिहायला लावला असता तर बँकेनं दोन वर्षं आधी हात आखडला असता, आणि त्या दोन वर्षांत अंगावर घेतलेली नवी देणी झाली नसती.

आता काकांचं. ते भित्र्या ऑडिटरवर चिडलेत असं मला वाटत नाही. त्यांना कॅश क्रेडिटची, म्हणजे बँकेकडून मिळणाऱ्या चालू उचलीची चिंता असावी. बँक माल आणि येण्यांवर, म्हणजे गिऱ्हाइकांकडून यायच्या पैशांवर, ड्रॉइंग पॉवर (उचलीची मर्यादा) काढते. मालात ३२ लाखांची घट झाली आणि मार्जिन, म्हणजे बँक हिशेबात न धरणारा हिस्सा, पंचवीस टक्के धरलं, तर उचल २४ लाखांनी खाली येते. येण्यांतले ते १६ लाख बँक बहुधा आधीच धरत नसेल, कारण नव्वद दिवसांवरची येणी साधारणपणे हिशेबात घेत नाहीत. त्यांना म्हणावं, बँकेच्या मॅनेजरकडं स्वतः जा, ढीग दाखवा आणि मुदत मागा. जूनच्या स्टॉक स्टेटमेंटमधून बँकेला कळण्यापेक्षा ते बरं.

तुमचा मूळ प्रश्न बाहेरच्या माणसाचा. यावर अभ्यासकांनी बरंच काम केलं आहे. सुदीप्त बसू यांनी १९९७ मध्ये अमेरिकी कंपन्यांचे आकडे तपासून दाखवलं की वाईट बातमी नफ्याच्या आकड्यात चांगल्या बातमीपेक्षा दोन ते सहा पट जोरानं उतरते. तोटा दिसताच लिहायचा आणि नफा खात्री झाल्यावरच, ही हिशेबातली सावधगिरी; ती मोजायची ती पट्टी झाली. पुढं अहमद आणि ड्यूलमन यांनी २००७ मध्ये याच अंगानं संचालक मंडळं तपासली. कंपनीच्या आतल्या संचालकांचं प्रमाण जितकं जास्त, तितकी सावधगिरी कमी. बाहेरच्या संचालकांकडं कंपनीचे जितके जास्त भाग, तितकी सावधगिरी जास्त. दुसरी गोष्ट मला महत्त्वाची वाटते. ज्याचा स्वतःचा पैसा अडकलाय पण ज्याच्या हाती कारभार नाही, तोच ढीग मोजायला शेडमागं जातो. तुमच्या कंपनीत तो माणूस तुम्ही आहात, अकरा टक्क्यांचे.

व्यवस्थापकांच्या मालकीबद्दलही एक निष्कर्ष आहे. लाफाँड आणि रॉयचौधरी यांना २००८ मध्ये आढळलं की व्यवस्थापकांकडं जितके कमी भाग, तितका हिशेब सावध; कारण मालक आणि कारभारी वेगळे झाले की बाहेरचे लोक जपून हिशेब मागतात. याचा अर्थ घरच्या कंपनीत सावधगिरी लागतच नाही, असा कुणी लावला तर मी मानणार नाही. आपल्याकडच्या घराण्यांत भेग मालक आणि नोकर यांच्यात नसते, ती केबिनमध्ये बसणारा भाऊ आणि बाहेरगावी असलेली भावंडं यांच्यात असते. आजोबांच्या वेळी एकच घर होतं, वही घरातच होती, काय बुडालं ते जेवताना कळत होतं. आता चार घरं आहेत आणि तुम्ही पुण्यात.

प्रायव्हेट कंपनीला बाहेरचा, म्हणजे स्वतंत्र संचालक नेमायची कायद्यानं सक्ती नाही. शेअर बाजारात नोंद नसलेल्या पब्लिक कंपनीलासुद्धा भरणा झालेलं भांडवल १० कोटी, उलाढाल १०० कोटी किंवा कर्जं ५० कोटींच्या वर गेली तरच किमान दोन लागतात. तरी मी म्हणेन, घ्या, आणि दोन घ्या. एकटा माणूस पाच जणांसमोर पहिल्या बैठकीत बोलतो, दुसरीत खोकतो, तिसऱ्या बैठकीपासून बिस्किटं खातो. दोघांत एक कास्टिंग कळणारा असावा, एखादा निवृत्त फौंड्री मॅनेजर, आणि दुसरा बँकेत कर्जाच्या टेबलावर आयुष्य काढलेला. काकांचा मित्र नको, माझ्यासारखा घरोब्यातला सीए तर मुळीच नको. आणि ३१ मार्चला त्यांना केबिनमध्ये बसवू नका, शेडमागं न्या.

एक धोक्याची सूचना द्यायलाच हवी. उद्या तुमचे भाग काकांच्या घरालाच विकायची वेळ आली, तर हाच सावध ताळेबंद तुमची किंमत पाडायला पुढं केला जाईल. म्हणून मालाची किंमत काढायची रीत आताच बोर्डाच्या ठरावात लिहून घ्या: किती महिने पडून राहिलेला माल कोणत्या दरानं धरायचा. दरवर्षी तीच रीत.

प्रश्न : मी निपाणीचा निवृत्त शिक्षक. फंडाच्या पैशातून दोन-तीन कंपन्यांचे शेअर घेतलेत. एका कंपनीत प्रवर्तकांकडे ७१ टक्के, एलआयसी आणि म्युच्युअल फंडांकडे मिळून १४ टक्के. दहा संचालकांत सहा स्वतंत्र. एवढं असल्यावर हिशेब जपूनच केला असेल ना? वार्षिक अहवाल साडेतीनशे पानांचा येतो, त्यात नेमकं काय बघावं?

उत्तर : सर, निपाणी माझं माहेर. माझे वडील एका तंबाखू व्यापाऱ्याच्या वखारीत दिवाणजी होते. पावसाळा सरल्यावर तंबाखूची बोदं परत वजन केल्याशिवाय ते मालाचा आकडा शेठजींपुढं ठेवत नसत, शेठजी कितीही घाईत असले तरी. हे मला तुमच्या "सहा स्वतंत्र" वरून आठवलं.

दहात सहा ही संख्या कायद्याला पुरेशी आहे. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीत किमान एक तृतीयांश संचालक स्वतंत्र लागतात, आणि चेअरमन प्रवर्तकांपैकी असेल तर निम्मे. पण हैदराबादच्या सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीच्या बोर्डावरही स्वतंत्र संचालक बहुसंख्य होते, शिवाय बोर्डावर हार्वर्डचे एक नामवंत प्राध्यापक होते. १६ डिसेंबर २००८ ला त्या बोर्डानं चेअरमनच्याच कुटुंबाच्या दोन कंपन्या विकत घ्यायला मंजुरी दिली. गुंतवणूकदार खवळले म्हणून काही तासांत ती मागं घ्यावी लागली. तीन आठवड्यांनी, ७ जानेवारी २००९ ला, चेअरमन रामलिंग राजूंनी कबूल केलं की रोख आणि बँकेतली शिल्लक ५,०४० कोटींनी फुगवलेली आहे. बँकेत किती पैसे आहेत हे विचारायला हार्वर्ड लागत नाही, सर. तुमच्या वर्गातल्या सातवीच्या मुलानं पासबुक मागितलं असतं.

संस्थांच्या मालकीवरही डोळे झाकून विसंबू नका. २०१८ मध्ये आयएल अँड एफएस ही पायाभूत प्रकल्पांना पैसा पुरवणारी कंपनी कोसळली तेव्हा तिच्या मोठ्या भागधारकांत एलआयसी आणि स्टेट बँक होत्या, जपानची ओरिक्स होती. प्रत्येकाला वाटलं दुसरा बघतोय. त्या गटावर ९० हजार कोटींच्या वर कर्ज होतं. संस्था मोठी असते, तिच्या वतीनं बैठकीला जाणारा माणूस मात्र एकच असतो आणि त्याची दोन वर्षांत बदली होते.

तर काय बघावं. साडेतीनशे पानं वाचू नका. आधी टीपांमध्ये येण्यांचं वयोमान दाखवणारा तक्ता शोधा. २०२१-२२ पासून कंपन्यांना तो द्यावा लागतो: सहा महिन्यांच्या आतली, एक वर्षापर्यंतची, दोन, तीन आणि तीन वर्षांवरची येणी. शेवटचा रकाना दरवर्षी फुगतोय आणि बुडणाऱ्या येण्यांसाठी बाजूला काढलेली तरतूद जागची हलत नाही, तर तिथं कुणीतरी वाईट बातमी दाबून ठेवली आहे. दुसरं, संभाव्य देण्यांची टीप. हरण्याची शक्यता जास्त असलेल्या दाव्याची तरतूद करायची असते. जिंकून मिळणारी भरपाई मात्र जवळजवळ खात्रीची झाल्याशिवाय उत्पन्नात धरायची नसते. हे उलटं झालेलं दिसलं तर शेअर कितीही आवडता असो, विचार करा. तिसरं, संबंधित व्यक्तींशी झालेले व्यवहार. प्रवर्तकांच्या घरच्या कंपन्यांना दिलेली कर्जं तिथं सापडतात. ७१ टक्के मालकी म्हणजे कंपनीच्या बऱ्यावाईटात त्यांचा सगळ्यात मोठा वाटा आहे, हे चांगलंच. पण कंपनीच्या खिशातल्या एका रुपयाच्या नुकसानीतले २९ पैसे तुमच्यासारख्यांचे असतात, आणि तो रुपया त्यांच्या दुसऱ्या खिशात गेला तर पूर्णच्या पूर्ण त्यांचा होतो.

प्रवर्तकांनी शेअर गहाण ठेवलेत का हेही बघा, दर तिमाहीला जाहीर होतं. गहाण असतील तर भाव पडताच सावकार शेअर विकू शकतो, मग भाव पडू नये म्हणून बातमी रंगवण्याचा मोह वाढतो. शेवटी ऑडिट कमिटीची, म्हणजे हिशेबावर लक्ष ठेवणाऱ्या संचालकांची हजेरी. नावं बघू नका, हजेरी बघा. आणि ऑडिटर वर्षाच्या मध्येच सोडून गेला असेल तर मी त्या कंपनीत राहणार नाही, कारण काहीही दिलेलं असो.

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातली. आमच्या गावच्या महिला पतसंस्थेवर आठ महिन्यांपूर्वी मला संचालक केलं. मार्च संपताना सेक्रेटरींनी तेवीस कर्जांचा कागद आणला, जुनी खाती बंद करून नवीन कर्ज दाखवायचं. त्यात चेअरमनबाईंच्या दिराचं मोठं कर्ज आहे. मी विचारलं तर म्हणाल्या, "दरवर्षी नवं-जुनं करतोच की, नाहीतर बारा टक्के लाभांश कुठनं देणार? सभासद बोलतील." ठराव मराठीत असतो, वसुलीच्या नोटिसा कानडीत, ऑडिट रिपोर्ट इंग्रजीत. मला मराठीच नीट येतं. सही करू काय ताई?

उत्तर : नको करू, बाई. तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि तुला फोन करावासा वाटला. इथंच सविस्तर लिहिते, कारण तुझ्यासारख्या बऱ्याच जणी आहेत.

नवं-जुनं म्हणजे थकलेलं कर्ज नव्या कर्जानं फेडल्याचं दाखवायचं. रुपया कुणाच्या हातात आला नाही, तरी खातं नियमित झालं, व्याज उत्पन्नात आलं, तरतूद टळली, आणि त्या न आलेल्या व्याजावर लाभांश वाटला. हा लाभांश नफ्यातून जात नाही. तो मंगळसूत्र मोडून, दूध विकून ठेव ठेवलेल्या बायकांच्या ठेवीतून जातो. बँकेतल्या ठेवीला २०२० पासून ५ लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेच्या ठेवीला तो विमा नाही. म्हणजे तुमच्या बायकांना राखण तुमच्या बोर्डाचीच.

सहकारात मालकीचं गणित कंपनीपेक्षा वेगळं आहे, ते समजून घे. एका सभासदाला एकच मत, मग भाग शंभराचे असोत की लाखाचे. एकहाती मालक नाही, ही सहकाराची ताकद. पण कर्जदारही सभासद, त्यांचे नातेवाईकही सभासद, आणि मतं मागायला संचालक त्यांच्याच दारात. ठेवीदार गप्प असतो, त्याला वाटतं पासबुकावर आकडा आहे ना. त्यामुळं निवडून आलेलं बोर्ड आपोआप कर्जदाराकडं झुकतं, आणि तोटा आज लिहा म्हणणारं कुणी राहत नाही. मी पाहिलेल्या ज्या संस्था टिकल्या, त्यांच्या बोर्डावर निदान एक अशी व्यक्ती होती, जिचं स्वतःचं किंवा घरातलं कुणाचंही कर्ज नव्हतं आणि जिची ठेव मोठी होती. तुझं कर्ज नसेल तर ती व्यक्ती तूच हो.

पुढच्या बैठकीत नव्वद दिवसांवर हप्ता थकलेल्या सगळ्या कर्जांची यादी माग, मराठीत, प्रत्येकासमोर शेवटची रोख वसुली कधी झाली ती तारीख. नवीन कर्जाच्या तारखेवर जाऊ नको, रोख कधी आली ते विचार. चेअरमनबाईंच्या दिराचा विषय आला की त्यांनी बाहेर जावं असं तू शांतपणे सांग. नाही गेल्या तर तुझा विरोध इतिवृत्तात लिहून घे, तुझ्याच शब्दांत, आणि त्या पानाची प्रत घरी ठेव. इंग्रजी ऑडिट रिपोर्ट ऑडिटरकडून मराठीत समजावून घे. ऑडिटर तासभर बसायला तयार नसेल तर तेही इतिवृत्तात लिही. तीन भाषांत विखुरलेला कारभार एकीलाही सगळा वाचता येत नाही, आणि अशा वेळी सेक्रेटरीच मालक होतो, त्याच्या नावावर एक भाग नसला तरी.

सभासद बोलतील, हे खरंच. यंदा लाभांश नाही म्हटल्यावर हळदी-कुंकवातसुद्धा बोलतील. वार्षिक सभेत तू स्वतः उभी राहून सांग की किती कर्जं अडलीत आणि तरतूद किती केली. आकडा सांग. बायकांना आकडा कळतो, घर त्याच चालवतात.

प्रश्न : शहापुरात माझे बारा माग आहेत. गेलं वर्ष बरं गेलं. पुढचं कसं जाईल माहीत नाही म्हणून सावधगिरी म्हणून नफा थोडा दाबून ठेवावा, वाईट वर्षी काढावा, असं भाऊ म्हणतो. चालेल काय?

उत्तर : नाही. ज्या तोट्याचं काही कारण आज समोर आहे, त्याचीच तरतूद करायची. काहीच दिसत नसताना नफा दडवला तर पुढच्या वाईट वर्षी तोच बाहेर काढून तुम्ही वाईट बातमी झाकाल. शेडमागच्या ढिगासारखंच झालं ते, फक्त तोंड उलट. भावाच्या मनात कर असेल तर तिथंही हाती काही लागणार नाही. प्राप्तिकराच्या हिशेबात, २०१६-१७ च्या उत्पन्नापासून लागू झालेल्या मानकांनी, नुसत्या अपेक्षित तोट्याची वजावट मान्य केलेली नाही. संशयित येण्याची तरतूद तुम्हाला करात मिळत नाही. बुडालेलं येणं वहीतून खरोखर काढून टाकलं तर मिळतं. कोणत्या गिऱ्हाइकाचे पैसे येणार नाहीत हे तुम्हाला नक्की ठाऊक असेल. त्याचं नाव लिहा, रक्कम लिहा, तेवढीच काढा. राहिलेला नफा दाखवा, आणि पैसा वाईट वर्षासाठी बँकेत ठेवा.